गावरोचा तिसा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे वुच्या नावाच्या घळीत शिरलो ते एका ओंडक्यासाठी. दोन मीटर लांब, उभा फाडलेला, तिसाचा, म्हणजे यू झाडाचा ओंडका. जानेवारीत माझा नवरा गावरो त्याच्यासाठी एकटा वर गेला आणि अकरा दिवसांनी कड्याच्या पायथ्याशी सापडला. ओंडका मात्र वरच राहिला होता.

गावरो धनुष्यं करायचा. त्याचा कूम ओब्रेनही करायचा. आमच्यात लग्नात नवऱ्यामागे उभा राहतो तो कूम, सख्ख्या भावापेक्षा जवळचा. या दोघांनी सव्वीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझी राकिया, घरची फळांची दारू, पीत, एकच भांडण केलं. धनुष्याला लाकूड कुठलं? गावरो म्हणायचा तिसा. बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं, आतलं लाल दाब सोसतं, देवाने झाडातच धनुष्य करून ठेवलंय, आपण फक्त सोलायचं! ओब्रेन म्हणायचा द्रेन. आंबट लाल फळांचं ते बुटकं झाड, पण लाकूड एवढं घट्ट की पाण्यात बुडतं. अ‍ॅश आणि एल्म ही कुंपणाची लाकडं, एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

जानेवारीपासून माझ्या स्वयंपाकघरात कोणी भांडलं नव्हतं. मीही रडले नव्हते. गाव म्हणे, स्तामेना खंबीर आहे. खंबीर कसली! दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल असतो ना, आहे पण आपला नाही, तशी मी अख्खी झाले होते. गाव आणखीही एक म्हणे, की गावरो पिऊन घसरला. त्याचाही मला राग येत नव्हता. तो त्या कड्यावर शेवटी काय करत होता, एवढंच मला बघायचं होतं. ओब्रेनला लाकडाची घाई होती, कारण मेचं ऊन लागलं की ते तडकणार होतं.

तिसरा होता बेचिर, वरच्या कुरणांचा मेंढपाळ. गावरो त्यालाच सापडला होता. गावरोच्या मुठीत फर झाडाच्या वाळक्या काटक्या होत्या, घट्ट धरलेल्या, असं त्याने तेव्हाच सांगितलं होतं. त्याचा अर्थ कोणालाच लागला नव्हता.

"डोंगरात लोक काठी आणतात," बेचिर ओब्रेनच्या खांद्यावरच्या फडक्यातल्या लांब गुंडाळीकडे बघून म्हणाला. "तू काय नवरी आणलीस?"

"द्रेन आहे. अकरा वर्षं वाळवलाय. याचं धनुष्य करायला माझाच हात धजत नव्हता."

"मग इथे कशाला?"

"त्याच्या तिसाशेजारी ठेवून बघणार आहे," ओब्रेन म्हणाला आणि त्याने गुंडाळी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

दुपारपर्यंत वाट बरी होती. मग हिमलोटाने आणून टाकलेला ढिगारा लागला. मोडलेली झाडं, दगड, चिखल आणि वर कुजका बर्फ. खेचर अडून बसलं. बेचिरने त्याला शिव्या घातल्या, मग पाव भरवला, मग हात टेकले आणि त्याला तिथेच बांधलं. पुढे ओढा होता. त्याच्यावर बर्फाचा पूल उरला होता, मधोमध करडा पडलेला. बेचिरने मान हलवली. पण दुसरी वाट नव्हती.

ओब्रेन पुढे झाला. पाच पावलं. सहा. आणि बर्फ खचला!

क्षणात तो दिसेनासा झाला. दिसत होते फक्त दोन हात आणि हातांखाली ती गुंडाळी. फटीवर आडवी पडली होती, म्हणून तो लटकला होता. खाली पाणी गरजत होतं.

"हलू नकोस!" बेचिर ओरडला. त्याने दोर माझ्या कमरेला बांधला, दुसरं टोक खडकाला अडकवलं. वजनाने मीच हलकी होते. मी पोटावर सरकत गेले. द्रेन वाकला होता, मध्ये वीतभर खाली गेला होता. करकरत होता. मी सोबत नेलेला दुसरा दोर ओब्रेनच्या काखेतून घातला. बर्फाच्या पाण्यात माझे हात कोपरापर्यंत बुडाले. मला भीती वाटायला हवी होती, पण मी फक्त गाठ नीट बसली का ते बघत होते.

"ओढ!"

बेचिरने ओढलं. मी ओढलं. ओब्रेन वर आला, अलीकडच्या दगडावर पालथा पडला आणि खोकला. पहिले शब्द काय, तर "बघितलंस वहिनी? द्रेन! वाकला, पण मोडला नाही!"

इथे गावरोने काहीतरी खोचक म्हणायला हवं होतं. आम्ही तिघेही थांबलो, जणू तो म्हणेलच. मग दोर धरून आम्ही एकेक करून फटीपलीकडे उडी मारली आणि चढायला लागलो.

गावरो लाकूड ठेवायचा ती कपार कड्याच्या पोटात होती. शेवटचा टप्पा हातापायांवर चढावा लागला. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं तोवर पांढरी पडली होती. वर पोचलो तर सगळं तसंच होतं! करवत, पाचरी, कुऱ्हाड. हिमलोटाने पाडलेला म्हातारा तिसा उताराला पडलेला होता. उभ्या तिसाला गावरोने जन्मात हात लावला नसता, वनखात्याचा कायदा असो वा नसो. आणि आत, कोरड्यात, दोन दगडांवर नीट ठेवलेला तो ओंडका. बाहेर सायीसारखा पांढरा, आत लाल.

ओब्रेन गुडघ्यांवर बसला. त्याने ओंडक्याचं एक टोक चाचपलं. त्यावर मेण आणि राळेचा जाड थर होता. ताजं लाकूड टोकांतून आधी वाळतं आणि फाटतं, म्हणून कापल्याबरोबर टोकं बंद करायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग तो दुसऱ्या टोकाकडे गेला आणि नुसता बघत राहिला.

दुसरं टोक उघडं होतं. तिथून भेगा निघाल्या होत्या, बोट जाईल एवढ्या, थेट मध्यापर्यंत.

"असं तो करणार नाही," ओब्रेन म्हणाला. "अर्धवट? गावरो? शक्यच नाही!"

मी कोपऱ्यात बघितलं. तीन दगडांची चूल, त्यात राख. वर मेणाचा डबा. मेण थिजलेलं आणि त्यात ब्रश उभा रुतलेला. चुलीशेजारी सरपणाची जागा रिकामी होती.

"मेण गोठलं," मी म्हणाले. "विस्तव विझला होता. तो काटक्या आणायला बाहेर गेला."

कपारीच्या तोंडापासून वीस पावलांवर एक वाळका फर उभा होता. मधली वाट तिरप्या गुळगुळीत खडकाची. जानेवारीत तिच्यावर बर्फाचा काचेसारखा थर असणार.

"पिऊन नव्हता," बेचिर हळूच म्हणाला.

"नव्हता," मी म्हणाले. मला कळलं, आणि तरीही आत काहीच हललं नाही. त्याची मला लाज वाटली.

ओब्रेनला अख्खा ओंडका न्यायचा होता. "त्याने हात लावलेला आहे, इथे कसा टाकू?" बेचिरने वर बोट केलं. ढग कड्यावरून खाली उतरत होते.

"एवढं धूड घेऊन या उतारावर गेलो तर खाली एक नाही, तिघांची मढी पडतील. ताई, तुम्ही सांगा."

"काप," मी ओब्रेनला म्हणाले.

"वहिनी..."

"भेगांपर्यंत काप. फाटलेलं इथेच राहू दे."

त्याने गावरोच्याच करवतीने कापलं. लाल भुसा पडत होता. कापून झाल्यावर मी मेणाचा डबा काखेत धरून उबेला ठेवला. मग मऊ झालेलं मेण बोटाने खरवडून नव्या टोकाला चोपडलं.

उतरताना बर्फ पडायला लागला. वरून दोनदा दगड आले, दुसरा बेचिरची टोपी घेऊन गेला! ओढ्यावरचा पूल आता पुरता कोसळला होता. कमरेएवढ्या पाण्यातून जावं लागलं. मध्यावर ओब्रेनच्या पाठीचा पट्टा तुटला. ओंडका गेला!

"धर! अरे धर त्याला!"

तो बुडाला, वर आला आणि निवांत तरंगत निघाला. बेचिर काठाने धावला, वळणावर पाण्यात उतरला आणि त्याला मिठी मारली.

"तरंगतंय मेलं!" ओब्रेन दात वाजवत म्हणाला. "माझं असतं तर तळाला गेलं असतं." सव्वीस वर्षांत तिसाबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द.

माझी ती दोन बोटं परत आली नाहीत. म्हणजे आहेत, पण त्यांना कळत नाही. अर्धा ओंडका दोन वर्षं माझ्या माळ्यावर वाळला. अर्ध्यात धनुष्य होत नाही, हे मला ठाऊक होतं. एके दिवशी ओब्रेन आला, ओंडका उतरवला, टेबलावर ठेवला आणि शेजारी आपला द्रेन ठेवला. तोच. मग खिशातून मोजपट्टी काढून त्याने द्रेनवर बरोबर मध्यावर खूण केली.

"कूम, हे काय करतोयस?"

"त्याच्याकडे एकच हात आहे," तो म्हणाला. "दुसरा माझा."

अशी धनुष्यं कोणी करत नाही. धनुष्याचा एक हात तिसाचा, एक द्रेनचा, मधल्या मुठीत दातात दात घालून सरसाने सांधलेली. ताठ द्रेन बारीक करायचा, तिसा जाड ठेवायचा, म्हणजे दोन्ही सारखे वाकतात. सारखे आणता आणता त्याचा हिवाळा गेला.

मेमध्ये जुर्जेवच्या सणाला कुरणावर लांब बाण मारायची स्पर्धा असते. लोकांनी धनुष्य बघून पोट धरून हसून घेतलं. बेचिरने विचारलं, वरात कुठे आहे? ओब्रेनने ते माझ्या हातात दिलं. मी ओढलं. धनुष्याचे दोन्ही हात एकसारखे वाकले. बाण सुटला, चांगला गेला आणि सगळ्यांच्या बाणांच्या मागे पडला!

"तिसाने मागे खेचला," ओब्रेन तत्काळ म्हणाला. "मऊ लाकूड. मी सांगत होतो."

"गप्प बस," मी म्हणाले. "द्रेन जड. परत यायला उशीर करतो. नेहमीचंच आहे त्याचं."

हे शब्द माझे नव्हते. शंभर वेळा माझ्याच स्वयंपाकघरात ऐकलेले होते. ओब्रेन माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पुसट झाला, तेव्हा मला कळलं की मी रडतेय. गावरो गेल्यावर पहिल्यांदा. मला थांबवता येईना, आणि थांबवायचंही नव्हतं.

"वहिनी, रड खुशाल," ओब्रेन नाक पुसत म्हणाला. "पण द्रेनला जड म्हणायचं नाही."