यादीतला एक्केचाळिसावा

कामिनीने हेमराजला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचं डोकं भोंग्यात होतं.

अख्खं डोकं. सानगडीच्या तलावाच्या पाळीवर, चिंचेच्या झाडाला शिडी टेकलेली. शिडीवर खांद्यापर्यंत माणूस आणि खांद्यावर भोंगा. शाळेत शिकवून घरी निघालेल्या कामिनीने स्कूटी थांबवली. असं दृश्य टाळून पुढे जाण्याइतकी ती मोठी झाली नव्हती.

"काय करताय तुम्ही?"

"गांधीलमाशीचं घर हाये का, पाहून राहिलो जी," भोंगा बोलला.

"मग, आहे का?"

"हाये." थोडा वेळ गेला. "माशीबी हाये."

डोकं बाहेर आलं तेव्हा उजवा डोळा मिटत चालला होता. पण तक्रार नाही, ओरडणं नाही. कुणीतरी पत्ता विचारावा तसा शांत चेहरा. कामिनीने डब्यातली उरलेली कांद्याची फोड त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती डोळ्यावर दाबली आणि उरलेल्या एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं.

एकाच डोळ्याने... तरी तिला उगाच ओढणी नीट करावीशी वाटली. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं असतं, तर काय झालं असतं कोण जाणे.

तो हेमराज. खालच्या टोलीवरच्या, म्हणजे तलावापलीकडच्या वस्तीवरच्या, सोमाजींचा मुलगा. घरची दोन बांध्यांची, म्हणजे दोन खाचरांची, धानाची शेती आणि वर भोंगे, माईक, बत्त्या भाड्याने देण्याचा उद्योग. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्यांच्या मागे लपून आलेली लग्नाची स्थळं. सानगडीच्या मंडईचा माईक यंदा हेमराजकडे होता. आणि मंडईचे अध्यक्ष होते श्यामराव, म्हणजे कामिनीचे बाबा.

श्यामरावांच्या मनात वर्षभर एक काटा रुतून बसला होता. मागच्या वर्षी शेजारच्या गावच्या मंडईत सूत्रसंचालक म्हणाला होता, "पीपल फ्रॉम ऑल वॉक्स ऑफ लाइफ." श्यामरावांना त्यातलं काही कळलं नाही, तरी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्यांनीच वाजवल्या. ती टाळी त्यांना झोपू देत नव्हती.

"यंदा हे वाक्य आपल्या मंडईत पाहिजे," त्यांनी जाहीर केलं. "कामिनी, तू इंग्रजीत एम. ए. हायेस. माईकवाल्याले शिकव. पन आधी मले सांग, याचा अर्थ काय?"

ओसरीवर कामिनी, हेमराज आणि बाबा. हेमराजचा डोळा अजून अर्धाच उघडत होता.

"अर्थ असा बाबा, की सगळ्या थरांतले, सगळ्या कामधंद्यांतले लोक. गरीब, श्रीमंत, शिकलेले, अडाणी. कोणी कुठून का आलेला असेना, सगळे एका जागी जमले, की असं म्हणतात. फक्त आपले दहा नातेवाईक जमले, तर म्हणत नाहीत."

श्यामराव विचारात पडले. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हंजे हे म्हनलं, आनि एखादा धंदा कमी निंगाला, त मी माईकवर खोटा पडलो."

"बाबा, कोणी मोजत नाही."

"मी मोजन. मंडईत माईकवर खोटं बोलाचं नाही. लिव यादी. एकेका धंद्याचा एकेक मानूस. मी नाव घेईन, तो हजर म्हनन. मंगच हे वाक्य."

अशी यादी तयार झाली. डॉक्टर, कुंभार, पोस्टमन, न्हावी, शिंगाडेवाला... न्हावीच बत्तीचं फिटिंग करतो, त्याला दोन ठिकाणी लिहावं असं हेमराजने सुचवलं, तेव्हा श्यामरावांनी दुसरा नियम केला, "एक मानूस, एकच नंबर." विमानातला माणूस मिळेना, शेवटी नागपूरच्या विमानतळावर ट्रॉल्या ढकलणारा टोलीवरचा एकजण मंजूर झाला. ट्रॉलीपासून विमान दिसतं, असा निकाल श्यामरावांनी दिला.

"एक्केचाळीस. जावई."

"बाबा, जावई काही धंदा नाही."

"काहून नाही? मंडईत जावई दुसरं कोनतं काम करते? येते, खाते, झोपते, मान घेते. पूर्णवेळ काम हाये." ते जरा थांबले. "अध्यक्षाच्या घरचा जावई पाहिजे. रिकामा ठेव. मंडईच्या दिवशी टेकचंद येऊन राहिला, त्याची आई येऊन राहिली. पसंती झाली, की मी सांगतो आनि तू नाव टाक."

कामिनीचं पेन तिथेच थांबलं. टेकचंद नागपूरला बँकेत होता. फोटोत तो चांगला दिसत होता. पण पंधरा दिवसांनी कोणीतरी आपल्याला पाहणार, मान डोलावणार, आणि एक्केचाळीस नंबर भरणार... तिने मान खाली घातली. वर केली, तेव्हा हेमराज कांदा नसतानाही डोळ्यावर हात धरून बसला होता.

*

वाक्याचा सराव रोज संध्याकाळी चाले.

"वॉक्स," कामिनी म्हणे.

"वाक्स."

"तोंड गोल करा. वॉ..."

"तुमी करून दाखवा."

ती दाखवी. तो फार लक्ष देऊन पाही. "पुन्हा एकदा दाखवा जी. समजलं नाही."

"तुम्हाला समजलंय."

"समजलं हाये," तो तसाच शांत चेहरा ठेवून म्हणे, "पन पक्कं नाही झालं."

टोलीवर परतल्यावर तो माईक तपासायच्या निमित्ताने वाक्य म्हणून पाही. तलावाच्या पलीकडून, पाण्यावरून तरंगत आवाज येई... पीपल... फ्रॉम ऑल... कामिनी अंगणात तांदूळ निवडत बसलेली असे. सूपच हातात राही. पंधरा दिवसांत म्हशी चारणाऱ्यांनाही ते वाक्य पाठ झालं. एका म्हशीने तर ते ऐकल्याशिवाय पाण्यातून बाहेर यायचंच सोडून दिलं.

यादीतल्या लोकांना निमंत्रण द्यायला कामिनी आणि हेमराज टोलीवर गेले, त्या दुपारी आभाळ अचानक भरून आलं. अवकाळी. हेमराजने मागे वळून पाहिलं. त्याच्या बांधीत कापलेल्या धानाचे कडपे अजून पसरलेले होते. त्याने गाडीवरचा भोंगा काढून तिच्या डोक्यावर ठेवला, "इतं थांबा," म्हणाला आणि पळाला.

कामिनी मिनिटभर भोंग्याखाली उभी राहिली. आत थेंबांचा आवाज दसपट मोठा येत होता. मग तिने भोंगा झाडाला टांगला, चपला काढल्या आणि ती पण पळाली.

सोमाजी, हेमराज आणि ती, तिघांनी मिळून कडपे उचलून ढीग रचला, वर ताडपत्री ओढली. पावसाने बरोबर तेव्हा थांबायचं ठरवलं. कामिनीच्या केसांत धानाच्या काड्या होत्या. हेमराजने एक काढायला हात पुढे केला... आणि मध्येच थांबवला.

"तुमच्या बाबाच्या बांध्या तलावाच्या तोंडाशी," तो म्हणाला. "पानी आधी तुमाले, मंग मधल्याले, आनि उरलं त टोकाले, म्हंजे आमाले. तुमचे बाबा म्हनते, टोकावर पोरगी द्यायची नाही. चुकीचं नाही म्हनत."

"मला नाही विचारलं कोणी."

"टोकावरच्याले थांबाची सवय असते जी. पानी शेवटी येते..." तो ताडपत्रीकडे बघत होता, "पन येते."

तिने मग स्वतःच ती काडी केसांतून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. कांद्याची फोड ठेवली होती, तशीच.

परत जाताना तो म्हणाला, "एक इचारू का? चाळीस नावं झाली. त्यात मी कुटं हाये? मी त यादीतच नाही."

"जागा पाहून राहिली," कामिनी म्हणाली. टोलीवरच्या चिखलाबरोबर टोलीची बोलीही तिला लागली होती.

*

मंडईच्या दिवशी गाव मावत नव्हतं. आकाशपाळणा, उकडलेले शिंगाडे, बांगड्या. पुढच्या रांगेत टेकचंद आणि त्याची आई. टेकचंद भला माणूस होता. त्याला बघायचं कमी आणि शिंगाडे खायचे जास्त होते. यादीतले बँकवाले साहेब ऐनवेळी गावी निघून गेले, तर श्यामरावांनी अभिमानाने त्यालाच सतराव्या नंबरवर लिहायला लावलं होतं.

कामिनीने सतरावा नंबर लिहिला. मग ती एक्केचाळिसाव्याकडे बघत बसली. बाबांनी अजून काही सांगितलं नव्हतं. बाहेर माईक तपासणं चाललं होतं... वॉक्स. आता गोल येत होतं. पक्कं झालं होतं.

तिने लिहिलं. मग कागदाची घडी घालून बाबांना नेऊन दिली.

दुपारी तीनला श्यामराव माईकसमोर उभे राहिले. एकेक नंबर वाचला; एकेक "हजर" आला. टेकचंदने तोंडात शिंगाडा ठेवूनच "हजर" म्हटलं. ट्रॉलीवाल्याला टाळ्या पडल्या. चाळीस झाले. मग श्यामरावांनी कागद जवळ धरला, मग लांब धरला, मग चष्मा पुसला. चारही भोंग्यांतून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"हे अक्षर तुयं होय का?" ते हळूच म्हणाले. हळूच म्हणजे टोलीपर्यंत.

"हाव, बाबा," खालून कामिनी म्हणाली.

"मी त टेकचंदचं..."

"ते सतराव्या नंबरवर हायेत. एक मानूस, एकच नंबर."

श्यामरावांनी स्वतःच्या नियमाकडे, म्हणजे आभाळाकडे पाहिलं. आवाज आणखी खाली आणला, "पोरी, हे टोकावरचं घर होय."

बायांच्या बाजूने ललिताबाई उठल्या. कामिनीची आई मंडईत कधी बोलत नसे, पदर सावरत त्या म्हणाल्या, "आनि मी कोनत्या तोंडाशी होती जी? करडी गावची शेवटची बांधी होती माया बाबाची. तवा तुमाले चालली."

बाया हसल्या. मग पुरुष हसले. श्यामरावांना हसू आलं नाही, पण मिशी जरा हलली. त्यांनी झाडाखाली वायर धरून उभ्या असलेल्या हेमराजकडे बोट केलं. "तुले माईत होतं का हे?"

"नाही जी," हेमराज म्हणाला. "मले वाटलं, मी यादीतच नाही."

"माईकवर खोटं बोलाचं नाही, हे माईत हाये ना तुले? मी हे वाचलं, त खरं होईन का खोटं?"

हेमराजने कामिनीकडे पाहिलं. या वेळी दोन्ही डोळ्यांनी. काय होतं ते तिला आता कळलं. ओढणीचं भानच राहत नाही.

"मायाकडून खरं हाये जी," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासून. एक डोळा सुजला होता, तवापासून."

"पोरी, आनि तुयाकडून?"

"मी लिहिलंय, बाबा." तिचा आवाज लहान होता... पण होता.

टेकचंदने आईकडे वाकून सांगितलं, "माय, मी बँकेतच बरा हावो." आणि त्याने पुढचा शिंगाडा सोलला.

श्यामरावांनी कागद सरळ केला. मग घसा खाकरला. "एक्केचाळीस. जावई." एवढं म्हणून ते थांबले, ललिताबाईंकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. "हेमराज सोमाजी."

"हजर," हेमराज म्हणाला. त्याच्याकडे माईक नव्हता. तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"मंग आता ये वर," श्यामराव म्हणाले, "आनि ते वाक्य म्हन. त्याच्यासाठी तुले ठेवलं होतं."

हेमराज वर आला. माईक हातात घेतला. तोंड उघडलं. आणि पंधरा दिवस घोकलेलं वाक्य त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं. तो उभा, माईक उभा. कामिनीने खालून ओठ गोल केले... वॉ... तो ओठांकडेच बघत राहिला, आणि आणखीच विसरला.

तेव्हा मागून एक म्हशी चारणारा म्हणाला, "पीपल." मग शिंगाडेवाला, "फ्रॉम ऑल." मग न्हावी, कुंभार, पोस्टमन, सोमाजी, ललिताबाई, तलावाच्या तोंडाचे आणि टोकाचे, सगळे मिळून. मंडईभर ते वाक्य झालं. अर्थ सगळ्यांना माहीत होता असं नाही. पण ते सगळे तिथेच होते, म्हणून चालून गेलं.

श्यामरावांनी टाळी वाजवली. या वेळी समजून.

टाळ्यांच्या गोंधळात कामिनी पायऱ्यांपाशी आली. "डोळा कसा आहे आता?" तिने विचारलं.

"दोन्ही उघडे हाये जी," हेमराज म्हणाला, आणि माईक चालू आहे हे विसरला.