कपावरचा हात

टक्.

फ्रीज सुरू झाला. दुपारचे पावणेतीन, रागिणी नुकतीच झोपलेली, गल्लीत चिटपाखरू नाही... आणि त्या एवढ्याशा आवाजानं सगळं घर दचकल्यासारखं झालं. मी आपसूक घड्याळाकडे पाहिलं. बंद होऊन किती मिनिटं झाली होती? अकरा. म्हणजे ठीक आहे.

सवय, दुसरं काय! चंदन म्हणतो, "तुले नवऱ्याच्या घोरन्यापेक्षा फ्रीजचं घोरनं जास्त समजते." म्हणू दे. ही पोर उठेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं लिहिते.

सात वर्षांपूर्वीचा मार्च होता. अमरावतीहून अकोल्याला निघालेली माझी एसटी मूर्तिजापूरच्या अलीकडे बंद पडली. दहा वाजता मला कामावर पोचायचं होतं. मी हात दाखवला आणि रिकाम्या कॅरेटांनी भरलेला एक पिकअप थांबला. चालवणाऱ्यानं वाकून पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर घाम, आणि डोळे मात्र असे की, जणू आत्ताच कोणीतरी गंमत सांगितली असावी.

"अकोल्याले जाचं हाय काय? बसा. पन हे टमाट्याचं कॅरेट मांडीवर घ्या लागन. मागं ठेवलं तर चटनी होते त्याची."

मी कॅरेट मांडीवर घेतलं, त्यावर माझी बॅग ठेवली, आणि तो बोलत सुटला.

"आज आमच्याकडं विजेचा एक एक्स्पर्ट येऊन राहिला. आमचं कोल्ड स्टोरेज हाय ना, अकोट रोडवर. बिलानं जीव खाल्ला आमचा. मागच्या वर्षी एक आला होता. तीन वेळा चहा पेला, मायच्या हातचं भरीत खाल्लं, आन् जाताना म्हने, मशीनच बदला. कुठची घेऊ? तर त्याच्या साळ्याच्या दुकानातली."

"मग या वेळी काय करणार?" मी खिडकीबाहेर पाहत विचारलं.

"या वेळी चहाच नाही देनार," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

अकोट रोडवरच्या एका निळ्या फाटकापाशी गाडी थांबली. "आमचं आलं, मॅडम. तुमाले समोरून ऑटो भेटन."

"मलाही इथंच उतरायचंय," मी म्हटलं आणि कार्ड पुढे केलं. अबोली देवपुजारी, स्वतंत्र ऊर्जा सल्लागार.

त्यानं कार्ड पाहिलं. मला पाहिलं. माझ्या मांडीवरचं टमाट्याचं कॅरेट पाहिलं... आणि त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"तसं... चहा देतो आमी," तो म्हणाला.

"नको. मी घेत नाही."

आणि इथंच सगळा घोळ झाला.

मी यंत्रं विकत नाही. कोणत्या कंपनीचा टक्का घेत नाही. वीज कुठं गळते ते शोधते, कागदावर लिहून देते आणि ठरलेली फी घेते, बस्. पहिल्या नोकरीत मी पाहिलं होतं, जेवण जितकं गोड, साहेबांचा अहवाल तितकाच गोड. म्हणून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा एकच नियम केला. काम संपेपर्यंत त्या घरचा चहासुद्धा नाही. डबा माझा, पाण्याची बाटली माझी. मला या नियमाचा फार अभिमान होता. अजूनही आहे.

पण वऱ्हाडात चहाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. आणि 'देवपुजारी' हे ब्राह्मणी आडनाव माळ्याच्या घरी जाऊन चहा नाकारतं, तेव्हा तो नकार कसा ऐकू येतो... ते मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो पिकअपवाला म्हणजे चंदन, आणि त्याचे वडील शेषराव. अकोटजवळ त्यांचा भाजीचा मळा, आणि त्याच मळ्याच्या कमाईवर उभं राहिलेलं हे तीन खोल्यांचं कोल्ड स्टोरेज. बिल इतकं वाढलं होतं की, शनिवारी मळ्याचा सौदा करून नवीन मशीन घ्यायचं ठरलं होतं. मी आले तो बुधवार होता.

"मशीन घ्या लागते का नाही, इतकं सांगा मॅडम," शेषराव म्हणाले. "मळा गेला त माह्या बायकोचा अर्धा जीव जाते."

मी कामाला लागले. मीटर लावलं, वायरी तपासल्या, मग मोठ्या खोलीच्या आत, दाराशी स्टूल टाकून वही घेऊन बसले. चंदन आला. गेला. पुन्हा आला.

"काय पाहून राहिल्या?"

"दार."

"दारात काय पाहाचं?"

"दोन तासांत एकतीस वेळा उघडलं. दर वेळी थंडी बाहेर जाते, मशीन पुन्हा राबते." मी वही त्याच्याकडे वळवली. "एकतीसपैकी अकरा वेळा तुम्ही."

"मी... तुमाले काही पाहिजे काय, ते विचाराले येत होतो."

"अकरा वेळा?"

"ऊन भल्लं हाय ना," तो म्हणाला. आम्ही दोघं चार अंश थंडीत उभे होतो.

मला हसू आलं. वहीत तोंड खुपसून मी ते लपवलं, पण त्यानं पाहिलंच. त्यानंतर तो दार उघडायच्या आधी बाहेरून टकटक करू लागला. ते दार वाजवून काय उपयोग होता, देव जाणे!

सकाळचा चहा मी परत पाठवला होता. दुपारचं जेवणही. तीन वाजता मनकर्णाबाई, चंदनच्या आई, स्वतः आल्या. हातात एकच कप. डोक्यावरचा पदर नीट, चेहरा दगडासारखा.

"हे तिसऱ्यांदा आनलं, बाई. गड्याच्या हातून धाडलं ते नाही चाललं, मोठ्या सुनेच्या हातून धाडलं ते नाही चाललं. आता मी आली. आमच्या घरचं पानी चालत नाही काय तुमाले? नसन चालत त तसं सांगा. आमी काही पहिल्यांदा नाही ऐकून राहिलो."

"तसं नाही, काकू... माझा नियम आहे..."

"नियमच असते तो," त्या शांतपणे म्हणाल्या.

शेषराव मागेच उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, वाईट मानू नका. पन जे आमच्या घरचं पानी पेत नाही, त्यांच्या कागदावर मी भरोसा काहून करू?"

आता काय करावं? चहा घेतला तर नियम मोडतो, उद्या अहवालात काही चुकलं तर कोणीही म्हणेल, खाल्ल्या मिठाला जागली. नाही घेतला, तर शनिवारी मळा जातो... आणि या बाईच्या मनात मी आयुष्यभर 'तसली' राहते. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी हात पुढे केला. कप घेतला. तोंडाजवळ नेला.

एक हात मध्ये आला. राकट, बोटांना टमाट्याच्या देठांचा वास असलेला. त्यानं कपाचं तोंड अलगद झाकलं.

"नका पेऊ," चंदन म्हणाला.

"चंद्या!" मनकर्णाबाई.

"माय, आईक. मागच्यानं तीन चहा पेले आन् तू त्याले भरीत वाढलं. काय झालं? मीच सकाळी यांच्यासमोर बोललो, या वेळी चहाच नाही देनार. यांनी हा चहा पेला, त मीच यांचा कागद नाही मानत. काम होऊ दे. मंग पाज तुले पाजाचा तितका."

वाफेनं त्याचा तळवा भाजत असणार. त्यानं हात काढला नाही. माझ्याकडे पाहत राहिला, आणि मी... मला त्या क्षणी अभिमान वाटला. माझा नाही, त्याचा. माझा नियम माझ्याइतकाच जपणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

मनकर्णाबाईंनी कप परत घेतला. "ठीक. कागद खरा निघाला त चहा. खोटा निघाला त हे फाटक पुन्हा नाही पाहाचं."

संध्याकाळी मी सगळ्यांना मागच्या भिंतीशी नेलं. तिथं मशीनची गरम हवा बाहेर टाकणारी जाळी होती. मी तिच्यात बोटं घातली आणि ओढलं. पांढऱ्या रुईचा हातभर लांब थर चादरीसारखा निघून आला. शेजारी कापसाचं जिनिंग होतं. हंगामभर उडालेली रुई जाळीवर बसत होती, आणि कोणाचं तिकडे लक्षच नव्हतं.

"तुमचं मशीन म्हातारं नाही झालेलं," मी म्हटलं. "अकोल्याच्या उन्हात त्याला गोधडी पांघरून ठेवलीय तुम्ही."

जाळी धुवायची, पुढे बारीक जाळी लावायची, दर पंधरवड्याला झाडायची. दारांची रबरं बदलायची, आत पट्ट्यांचा पडदा. माल दुपारी नाही, रात्रभर सावलीत निववून पहाटे आत घ्यायचा. मशीन घ्यायचं नाही.

शेषरावांनी ती रुई उचलून हातात तोलली. "दोन बिलं पाहू," ते म्हणाले. "मळा काई पळून नाही जात."

मग फोन सुरू झाले. कामाचेच!

"मॅडम, पडदा कोनत्या रंगाचा लावू?"

"तो पारदर्शकच असतो."

"हो, ते त हायेच. पन तुमाले कोनता रंग आवडते?"

"...अबोली."

"मले वाटलंच," तो म्हणाला. कामाचं बोलणं संपलं होतं. फोन मात्र कोणी ठेवला नाही.

मे महिना उजाडला, पारा पंचेचाळिसावर. एक दिवस त्याचा फोन आला.

"बिल आलं."

"किती?"

"फोनवर नाही सांगत. या."

मागच्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा वीज पाव हिश्शानं कमी लागली होती. मनकर्णाबाईंनी तो कागद देवाजवळ ठेवला होता. मला पाहून त्या सरळ आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, आल्याचा वास आला, आणि काठोकाठ भरलेला कप माझ्यासमोर आला. गोड इतका की, जीभ चिकटावी. मी तो संपवला आणि कप पुढे केला.

"अजून आहे का, काकू?"

त्यांचा चेहरा हलला. एवढंसं. "गंज हाय, माय, पाहिजे तितका घे," त्या म्हणाल्या आणि घाईनं वळल्या.

चंदन समोर बसून पाहत होता. मी हळूच म्हटलं, "एक अडचण आहे. तुमच्या कोल्ड स्टोरेजचं काम मला यापुढे नाही करता येणार."

त्याचं तोंड उतरलं. "काहून? काय चुकलं आमचं?"

"मी नात्यातल्यांचं काम घेत नाही."

"पन आपलं नातं कु—" तो थांबला. कान लाल व्हायला लागले... अगदी त्या दिवशीसारखे.

"पोरगी विचारून राहिली, मुडद्या," आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला. "हो म्हन लवकर. चहा निवते."

आज नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यापासून अकोल्याच्या डाळ मिलपर्यंत लोक मला बोलावतात. यंत्र विकणारे माझं नाव निघालं की, तोंड वाकडं करतात, आणि चंदन ते पुरस्कार मिळाल्यासारखं सगळ्यांना सांगत फिरतो. मागच्या आठवड्यात रागिणीला कामावर सोबत न्यावं लागलं. मिलच्या मालकांनी तिला चॉकलेट दिलं, मी ते परत करायला लावलं. ती हिरमुसली, तेव्हा समजावलं, "जिथं आपण तपासायला जातो ना, तिथलं काही घ्यायचं नाही. काम संपलं की मग घ्यायचं." तिनं मोठ्या माणसासारखी मान डोलावली. साडेचार वर्षांची माझी लेक... ऊर भरून आला माझा.

उठली वाटतं. हो, उठलीच. गालावर उशीची नक्षी, केस विस्कटलेले. माझ्या मांडीत येऊन बसली आहे आणि दाराजवळच्या स्टुलाकडे पाहते आहे. सकाळी तिचे आजोबा, माझे वडील, तिथं बसले होते. अकोल्याच्या कोर्टात तारीख असली की, अमरावतीहून येतात, तासभर बसतात, तिला गोष्टी सांगतात, माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. पाण्याची बाटली त्यांची त्यांच्याजवळ असते. "आताच झाला गं चहा," म्हणतात. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, अजून हेच.

"आई," रागिणी म्हणते आहे, "आजोबा आपल्या घरी तपासाले येतात ना? म्हनून काहीच घेत नाहीत?"

तिनं माझ्या वहीवर हात ठेवला आहे.

"मग त्यांचं काम कधी संपनार?"