चोविसाचा कार्बोरेटर

दादाच्या छोट्या गाडीचं इंजिन मी स्वतः उघडलं, सिलिंडर बोअर करून मोठे केले, नवा कॅमशाफ्ट घातला. ताकद वाढली तशी इंजिनाची भूकही वाढली आणि त्याला हवा-पेट्रोल पाजणारा जुना कार्बोरेटर पुरेना. तीस वर्षं मी हेच काम करतोय, आणि मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही. वहिनी म्हणते, भावजी चहातली साखरसुद्धा व्हर्नियरने मोजतील.

दादाला एकच हवं होतं. जिथे चाळीस वर्षं दगड कापला, त्या खाणीच्या माथ्यावर एकदा स्वतः गाडी चालवत जायचं. छातीत दगडाची भुकटी बसलेली. चार पायऱ्या चढला की थांबायचा. डॉक्टरांनी एक वर्ष सांगितलं होतं, तेही अडखळत.

हिशेबाने चौतीस मिलिमीटर तोंडाचा कार्बोरेटर बसवला. नाकापेक्षा मोती जड! वेगात गाडी पळायची, पण हळू चालवताना आचके द्यायची, आणि तिच्याबरोबर दादाही धापा टाकायचा. अठ्ठावीसचा लावला, तर चढावर तिचा दम तुटला. मग भंगारवाल्याकडून एक जुना आणला. त्यावर ना कंपनीचं नाव, ना नंबर. मोजला तर चोवीस. एवढ्याशा तोंडातून हे इंजिन चालणं शक्यच नव्हतं. दुसरा मिळत नव्हता म्हणून लावला, इतकंच.

दादाला शेजारी बसवून गाडी घराजवळच्या चढावर नेली, ती एका दमात चढली. वर पोचल्यावर इंजिन बंद करून स्पार्क प्लग काढला. टोकाला बिस्किटाचा रंग होता. हवा आणि पेट्रोल अगदी योग्य प्रमाणात मिळाल्याची ती खूण. घरी येऊन मी कार्बोरेटर तीनदा मोजला. तिन्ही वेळा चोवीसच.

दादा हसत होता. "अरे, मला दमच लागला नाही."

"तू कुठे ढकलत होतास?" मी म्हटलं.

पण महिन्याभरात तो जिना न थांबता चढू लागला. जेवताना थट्टामस्करी करू लागला. वहिनी कामं करताना गुणगुणायची. मी सुखात होतो, खोटं कशाला सांगू?

एकदा कार्बोरेटरच्या तोंडावरचा एअर फिल्टर काढला. धूळ बाहेरून बसते. हा आतून पांढरा झाला होता. ती पांढरी पूड बोटावर घेऊन चोळून पाहिली. दगडाची भुकटी होती. मी ती झटकून टाकली. दादा बरा होत होता, उगाच कशाला फाटे फोडायचे?

रविवारी खाणीवर जायचं ठरलं. शनिवारी दुपारी मी पुन्हा फिल्टर काढला. अशा वेळी एखादा नट आत पडू नये म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात फडकं कोंबायचं, ही आमची सगळ्यांची सवय. निळं फडकं कोंबलं आणि फिल्टर साफ करायला वळलो. ओसरीत दादा पेपर वाचत बसला होता.

पेपर खाली पडल्याचा आवाज आला.

"भावजी," वहिनी म्हणाली. तिने दादाकडे बोट केलं.

दादाची मान मागे पडली होती. तोंड उघडं, ओठ काळेनिळे. छाती हलत नव्हती.

मी गाडीकडे पाहिलं. इंजिन सकाळपासून बंद होतं. तरी फडकं आत ओढलं जात होतं. थोडं थांबून पुन्हा ओढलं जात होतं.

मी ते उपसून काढलं.

दादाने लांब श्वास घेतला, डोळे उघडले आणि आम्हा दोघांकडे पाहिलं.

"डुलकी लागली वाटतं. उद्या किती वाजता निघायचं?"

"सातला," मी म्हटलं. फडकं पाठीमागे धरलं.

"तोंडाला ऑइलची चव कशी काय आली रे?"

त्याने जिभेवरून चिमटीने काहीतरी ओढलं. निळा धागा होता. तो ओढत राहिला, आणि धागा येत राहिला.