दोरीवरची हिरवी साडी

साहेब, तुम्ही कागदावर खोटं लिहिलंत. आणि खोटं लिहिलं नसेल, तर ते त्याहून वाईट आहे.

बालसंरक्षण कार्यालयाचा तुमचा घरभेट अहवाल माझ्यासमोर आहे. माहितीच्या अधिकारात मागवला. पाच महिने फिरवलंत, पण दिलात. ठिकाण उदगीर, तारीख चौदा मार्च दोन हजार सोळा, वेळ सकाळी अकरा. 'दोन्ही मुलींची आई घरी भेटली. कपाळी विभूती. बोलणे व्यवस्थित. मुली शाळेत गेल्याचे सांगितले. चहा दिला. पुढील कार्यवाहीची गरज नाही.' खाली तुमची सही.

आता माझं ऐका.

मी दामिनी, तेव्हा सातवीत. धाकटी सृष्टी पहिलीत. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. दिवाळी झाली आणि अव्वा आतल्या खोलीत निजली, ती निजलीच. ताप नाही, खोकला नाही. तोंड भिंतीकडं. ताट ठेवलं की दोन घास खायची. मोरीपर्यंत हात धरून न्यावं लागायचं. काही म्हटलं की एकच उत्तर, "आज न्हाई गं. उद्या." या आजाराला नाव आहे हे मला लई उशिरा, वाचून वाचून कळलं. आमच्या गल्लीत त्याला दोनच नावं होती: आळस आणि बाहेरचं.

अप्पा हैदराबादला गोदामात कामाला. दोन महिन्यांनी यायचे, तिच्या उशाशी बसायचे, जायचे. गुरुपादप्पा काका देगलूरहून आले, त्यांनी बसून निकाल दिला. गुढीपाडव्यापर्यंत बघायचं. मग मी किनवटच्या वसतिगृहात, सृष्टी त्यांच्याकडं आणि अव्वा तिच्या माहेरी. तीन दिशांना तिघी. तसा अर्जही त्यांनी तुमच्या कार्यालयात दिला.

पाडव्याला तीन महिने होते. म्हणून मी अव्वाला उठवली. खरी नव्हे, गल्लीला दिसेल अशी.

आमच्याकडं बाई उठली की नाही हे कुणी विचारत नाही, बघतात. दारात सडा-रांगोळी आहे का. सातच्या आत गच्चीवर ओली साडी आहे का. ओली साडी म्हणजे बाई न्हाली, घर चालू आहे. मी सहाला उठून सडा टाकायचे, चार पाकळ्यांचं फूल काढायचे, मला तेवढंच यायचं. मग अव्वाची साडी भिजवून दोरीवर. आमच्याकडं नळ आठव्या दिवशी, त्यामुळं नुसते काठ भिजवायचे, दोन मग पाण्यात. हिरवी साडी पातळ होती, कमी पाणी प्यायची, म्हणून बहुतेक तीच. शेवटी दाराआडून अव्वाच्या आवाजात ओरडायचे, "सृष्टे, ऊठ की गं."

सृष्टीला मजा वाटायची. एकदा जेवताना म्हणाली, "दोरीवरच्या अव्वाला भाकर न्यायची का?" आम्ही दोघी हसलो. अव्वाची पाठ हलली नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी साडी घेऊन वर गेले, वाळत घातली आणि दात घासून परत आले तेवढ्यात ती पूर्ण भिजलेली होती. पदरापासून निऱ्यांपर्यंत. खाली फरशीवर थारोळं. मी काठच भिजवले होते. सृष्टीनं पाणी उडवलं असेल म्हणून तिला एक चापट दिली. ती रडत शपथ घेऊ लागली. दुसऱ्या दिवशी काठ भिजवून झाल्यावर मी पाण्याच्या निळ्या ड्रमावर खडूची रेघ मारली. परत आले तर साडी पुन्हा चिंब. पाणी रेघेवरच.

मग रांगोळी. माझ्या फुलाला पाच पाकळ्या.

शेजारच्या साखराबाईनं मला नळावर गाठलं. चेहरा उजळलेला.

"तुझी माय बरी झाली की गं. काल गच्चीवरून बोलली माझ्याशी."

"काय बोलली?"

"काय बोलणार? पोरींना कुठं धाडू नका म्हणली." घागर कमरेवर घेत ती पुढं म्हणाली, "पण नीट पिळून घालायला सांग तिला. टपटप टपटप, माझ्या पापडावर पाणी."

मी घरी आले. अव्वा भिंतीकडं तोंड करून. केस तेच, त्याच गाठी. तळवे कोरडे, भेगाळलेले. मी हिरवी साडी घडी करून लोखंडी पेटीत तळाशी घातली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

सकाळी ती दोरीवर होती. गळत.

पेटी उघडून बघायचं मला धाडस झालं नाही.

आता तुमची तारीख. चौदा मार्च. सृष्टीला ताप होता. मी शाळेत गेले नाही. तुमच्याच कागदांत हजेरीची नक्कल आहे, बघा, दोघी गैरहजर. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत मी आतल्या खोलीत, एका बाजूला सृष्टी, एका बाजूला अव्वा. दाराला आतून कडी. कडी कुणी वाजवली नाही. चूल थंड. दूध घरात नव्हतंच. दिवाळीपासून अव्वाच्या कपाळाला विभूती लागली नव्हती.

अकराच्या सुमाराला सृष्टी तापात म्हणाली, "बाहेर कोण हाय?" मी कान दिला.

टपटप.

बाकी काही नाही.

तुमच्या अहवालावर काकांनी आपला निकाल मागं घेतला. आम्ही तिघी एकत्र राहिलो, हे मी नाकारत नाही. पण त्याच अहवालावर फाइल बंद झाली आणि अव्वाला डॉक्टर दिसायला अजून तीन वर्षं गेली. तीन वर्षं, साहेब. आता ती गोळ्या घेते, स्वतः न्हाते, देगलूरला काकांकडं सृष्टीच्या सोबत असते. दोरीवर पुन्हा काही आलं नाही.

मी लातूरला एकटी राहते. खोली दुसऱ्या मजल्यावर. गेले चार दिवस मी अंथरुणातून उठलेली नाही. का ते माहीत नाही. उद्या उठेन असं रोज वाटतं. हे सगळं पडल्या पडल्या लिहिलंय.

आज सकाळी घरमालकीण शिवकांताकाकू बंद दाराबाहेरून म्हणाल्या, "दामिनी, साडी शोभते गं तुला. पण पिळून घालत जा. सगळ्या जिन्यात पाणी झालंय."

माझ्याकडं एकही साडी नाही.

तुम्ही तिच्यासमोर बसलात. तिच्या हातचा कप घेतलात. तिच्याकडं नीट बघितलेले तुम्ही एकटेच.

मला लेखी कळवा. तिचं तोंड कुणासारखं होतं? माझ्या आईसारखं, की माझ्यासारखं?