बारा नंबरची पट्टी

सकाळी आठ ते साडेआठ या वेळात बाईंशी कुणी बोलायचं नाही, हा जलमापन कचेरीतला अलिखित नियम होता. तेवढ्यात अकरा फोन यायचे. अकरा उपनद्या मिळून मोठी नदी व्हायची आणि प्रत्येक उपनदीवर एक पट्टीवाला होता. पाण्यात उभ्या केलेल्या फुटपट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं, तक्त्यावरून प्रवाह काढायचा आणि कचेरीला कळवायचा, एवढंच त्याचं काम. बाई आकडे नोंदवहीत उतरवून बेरीज करायच्या. ती बेरीज खालच्या पुलापाशी मोजलेल्या पाण्याशी जुळली, की शिपाई चहा आणायचा.

गेले तीन दिवस चहा नव्हता, कारण बेरीज जुळत नव्हती. पुलाखालून वीस क्युसेक पाणी जास्त जात होतं. पाऊस संपून दोन महिने झालेले, नद्या वाळत चाललेल्या, मग हे पाणी उपटलं कुठून? बाईंनी अकराही पट्टीवाल्यांची खरडपट्टी काढली. सगळे आपापल्या आकड्यावर ठाम.

चौथ्या दिवशी अकरा फोन झाले, बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि फोन पुन्हा वाजला.

“बारा नंबर,” म्हाताऱ्या माणसाचा थकलेला आवाज होता. “एक फूट. वीस क्युसेक.”

“कोण बोलतंय? बारा नंबर नाहीच आपल्याकडे!”

“लिहून घ्या, बाई.”

“काय लिहून घ्या? सकाळी सकाळी दुसरा उद्योग नाही का तुम्हाला?” बाईंनी फोन आपटला. पुलाची तफावत तेवढीच होती, बरोबर वीस. त्यांचं डोकंच उठलं. फोनच्या टेबलावरच्या मुलीला त्यांनी फैलावर घेतलं, तर ती म्हणाली, “आज अकराच फोन जोडले मी, बाई. वही बघा हवं तर.”

बाई तावातावाने नकाशांच्या खोलीत गेल्या. जुन्या नकाशावर बारावी रेघ होती, हे त्यांना पाहायची गरज नव्हती. ती त्यांनीच काढून टाकली होती. सात वर्षांपूर्वी नवा नकाशा केला तेव्हा बारा नंबरचा ओढा वीस वर्षं कोरडा होता. त्याच्या शेवटच्या पट्टीवाल्याला वारूनही तेरा वर्षं झाली होती. कोरड्या ओढ्याचीसुद्धा तुटक रेघ ठेवायची, हे नकाशाकाराला पहिल्याच दिवशी शिकवतात. पण नकाशा सुटसुटीत दिसेना, म्हणून बाईंनी तीही पुसली. वर्षभरात त्या जागी गल्ली झाली, घरं उठली. त्यातलं एक घर बाईंच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं घेतलं, बाईंच्याच शब्दावर. “डोळे झाकून घे,” बाई म्हणाल्या होत्या, “नकाशा मीच केलाय.”

पाचव्या दिवशी पुन्हा तोच आवाज आला. “बारा नंबर. तीन फूट. दोनशे दहा क्युसेक.”

“अहो, तुमची पट्टी रोवलीय तरी कुठे?”

“रोवली नाही, बाई. दारावर रंगवलीय. पिवळ्या दारावर.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. ताईच्या दाराचा पिवळा रंग त्यांनीच निवडला होता.

तफावत दोनशे दहाची होती. नोंदवहीत आकडा चढला की काठच्या वस्तीला इशारा जायचा, घरं रिकामी व्हायची. पण तो चढवायचा तर आधी ओढा आहे हे कबूल करायचं, म्हणजे तो कुणी पुसला हेही आलंच. बाईंनी बाराव्या ओळीची जागा कोरी ठेवली आणि ताईला फोन लावला.

“अगं, दोन दिवस माझ्याकडे येऊन राहा.”

“का? काय झालं?”

“काही नाही गं. सहज.”

“सहज म्हणे! ठमे, इथे माझा जीव मेटाकुटीला आलाय. कुणी कार्ट्यानं दारावर फुटांचे आकडे काढलेत, खालपासून पार वरपर्यंत. घासून घासून हात दुखले, जात नाहीत. आणि दार फुगलंय. इतक्या उन्हात! उघडायला खांदा लावावा लागतो.”

“ताई, ऐक, त्या जागेचं...”

“जागेला नावं ठेवू नकोस हं! तूच सांगितलंस म्हणून आयुष्याची पुंजी घातली मी इथे. कोरडी ठणठणीत आहे जागा. दाराचं काय ते सुतार बघेल.”

सांगून टाकायला हवं होतं. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. “बरं,” त्या म्हणाल्या, “रविवारी येते, तेव्हा बोलू.” आणि स्वतःवरच चरफडत त्यांनी फोन ठेवला.

सहाव्या दिवशी अकरा फोन वेळेत आले. बाई टोपण न लावता बसून राहिल्या.

फोन वाजला.

“बारा नंबर.” आवाज बाईमाणसाचा होता. सपाट, थकलेला. “सहा फूट चार इंच. नऊशे क्युसेक.”

“ताई?”

मागे पाणी वाहत होतं, खूप पाणी.

“ताई, अगं चेष्टा करतेस का? ते म्हातारे कुठे गेले?”

“ते सुटले. आता पट्टी माझ्याकडे आहे.”

“ताई, मी बोलतेय! ठमी!”

“लिहून घ्या, बाई.”

फोन बंद झाला. बाईंनी ताईच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली.

त्यांनी ड्रायव्हरला जीप घेऊन तिकडे पिटाळलं. वीस मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन आला. “गल्ली कोरडी आहे, बाई. पोरं खेळतायत. ताईंचं दार मात्र सताड उघडं आहे, आत कुणी नाही. आणि दारावर ते आकडे आहेत ना, ते सहाच्या जरा वरपर्यंत ओले आहेत.”

बाईंनी नोंदवही पुढे ओढली. बाराव्या ओळीत नऊशे लिहिले. बेरीज केली, मग पुलाचा आकडा पाहिला.

“जुळली वाटतं आज?” शिपाई खूश होऊन म्हणाला आणि त्यानं चहा टेबलावर ठेवला.