पूर्वार्ध तुमचा, उत्तरार्ध माझा

"अर्धा कार्यक्रम उरलाय. घेता का?"

आता सभागृहाच्या पायऱ्यांवर कुणी अनोळखी माणूस असं काही विचारायला लागला, तर शहाण्या मुलीने काय करावं? ती एक पायरी मागे सरकली. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती, तिकिटाची खिडकी बंद झाली होती आणि आतून मध्यंतराचा गलका ऐकू येत होता. त्यात हा! उंच, किडकिडीत, हातात पास धरून उभा.

"म्हणजे... मला आता घरी जावं लागतंय," तो घाईघाईने म्हणाला. "पुढचा अर्धा वाया जाणार. व्हायोलिन आहे, छान वाजवतोय. घाबरू नका हो, मी लिफ्टवाला आहे. अडकलेल्यांना बाहेर काढणं हेच माझं काम."

"मी कुठे अडकलेय?"

"बाहेर अडकलात की." मग जरा थांबून, ओठ दाबत तो म्हणाला, "आणि एक विचारू? तुमच्या डोक्यावर एक चष्मा आहे, नाकावर एक. माझ्याकडे नक्की कुठल्याने बघताय?"

तिचा हात डोक्याकडे गेला. अगं बाई! दुकानातली फ्रेम, लेबलासकट! ती काम करायची ते चष्म्याचं दुकान रविवारी सहाला बंद व्हायचं. शेवटचं गिऱ्हाईक आरशासमोरून हलेना, आणि मग दोन बसथांबे पळत यायच्या नादात फ्रेम डोक्यावरच राहिली होती. तिला इतकं हसू आलं, की रागावायचं राहूनच गेलं.

दारावर टॉर्च घेऊन एक जाडजूड बाई उभ्या होत्या. त्यांनी पास उलटा-सुलटा करून पाहिला. "यावर 'एका व्यक्तीसाठी' असं लिहिलंय."

"एका वेळी एकच जातंय ना, बाई?" लिफ्टवाला म्हणाला.

बाईंनी यावर बराच विचार केला. त्यात काही खोट सापडेना, तेव्हा त्या बाजूला झाल्या.

"एक अट आहे," तो मागून म्हणाला. "पुढच्या महिन्यात मला सांगायचं, पुढे काय झालं ते."

"आणि आधी काय झालं ते मला कोण सांगणार?"

त्याने घड्याळ पाहिलं. "माझ्याकडे चार मिनिटं आहेत."

आणि पठ्ठ्याने तिथेच, खांबाला टेकून, चार मिनिटांत अख्खा पूर्वार्ध सांगितला. हवेत गज ओढून, मान वाकडी करून, मधेच तार तुटली तेव्हा वादकाने कसं तोंड केलं ते स्वतः करून दाखवून! त्याच्या नखांत ग्रीस होतं आणि बोटं मात्र भलतीच नाजूक चालत होती. हे तिला त्या दिवशी दिसलं, आणि मग सतत दिसतच राहिलं.

तर असं सुरू झालं. पास संगीत मंडळाचा, वर्षभराचा होता. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाच वाजता एक, असे बारा कार्यक्रम. त्याचे वडील जिन्यावरून पडल्यापासून अंथरुणाला होते आणि त्यांच्याजवळ बसणाऱ्या ताई सातच्या ठोक्याला घरी जायच्या, त्यांनाही त्यांचा संसार होता. म्हणून त्याच्या वाट्याला पूर्वार्ध. तिचं दुकान सहाला सुटायचं, म्हणून तिच्या वाट्याला उत्तरार्ध. मधली वीस मिनिटं तेवढी दोघांची. यंत्रातली पुचाट कॉफी दोन कपांत घेऊन पायऱ्यांवर उभं राहायचं. आधी तिने मागच्या महिन्याचा उत्तरार्ध सांगायचा, मग त्याने आजचा पूर्वार्ध. घंटा झाली की पास तिच्या हातात (कार्यक्रम संपला की ती तो त्याच्यासाठी दारावरच्या बाईंकडे ठेवून जायची), आणि तो लांब लांब टांगा टाकत चालू लागायचा. कोपऱ्यावर एकदा मागे वळून बघायचा... दर वेळी.

"महिन्यातून वीस मिनिटं?" तिची थोरली बहीण फोनवर ओरडली. "अगं, याच्यापेक्षा जास्त वेळ लोक दाताच्या डॉक्टरकडे बसतात!"

"मी कुठे काय म्हणतेय?"

"हेच तर. तू काहीच म्हणत नाहीस, आणि दर रविवारी दुकानात लिपस्टिक लावून जातेस."

"दर रविवारी नाही," ती म्हणाली. "शेवटच्या." आणि मग तिने जीभ चावली.

पण एक खरं. याआधी तिने गाणं ऐकलं होतं ते कपडे वाळत घालता घालता. आता त्याला सांगायचं म्हणून ती कान टवकारून बसायची. पियानोवाल्याचं पान उडालं आणि तो डोळे मिटून तसाच वाजवत राहिला, समूहगानातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी एक मात्रा आधीच सुरू झाल्या आणि मग सगळ्यांनी त्यांनाच साथ दिली, यातलं काही म्हणता काही सुटायचं नाही. शेजारच्या घरातलं बाळ कुठल्या सुरात रडतं हेही तिला आता कळायला लागलं होतं. हे सगळं त्या माणसामुळे, असं तिला वाटायचं. मनातल्या मनात ती त्याचे आभार मानायची. तोंडाने मात्र म्हणायची, "कॉफी आज जास्तच पाणचट आहे, नाही?"

सातव्या महिन्यात त्या वयस्कर गायिकेचा कार्यक्रम होता. पावसाची भुरभुर चालू होती. तो बाहेर आला तोच वेगळा चेहरा घेऊन.

"बाबांनी हिला ऐकलंय. आईबरोबर. लग्नाआधी!" तो म्हणाला. "शेवटी ती नावाड्याचं गाणं म्हणते. चाळीस वर्षं बाबा तेच गुणगुणतायत. नीट ऐका हं... माझ्यासाठी. म्हणजे, बाबांसाठी." बोलता बोलता त्याचा हात तिच्या हाताकडे आला, आणि मधेच वाट बदलून कॉफीच्या कपाकडे गेला.

ती आत गेली. पडदा वर गेला. गायिका माइकसमोर आली, तिने गळ्याला हात लावला, खूप वाकून नमस्कार केला, आणि साथीदारांनी तिला धरून आत नेलं. मंडळाचे सचिव आले, दिलगिरी व्यक्त करते झाले. कार्यक्रम संपला. खुर्च्या रिकाम्या झाल्या तरी ती बसूनच होती. आता त्याला काय सांगायचं?

खरं तेच सांगायचं, असं तिने ठरवलं. महिनाभर रोज ठरवलं. पण पुढच्या महिन्यात तो पायऱ्या उतरून आला तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते. बाबांची अन्नावरची वासनाच उडालीये, म्हणाला. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात.

"मग?" त्याने नेहमीसारखं विचारलं. "पुढे काय झालं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "गायली," ती म्हणाली.

झालं! शब्द सुटला तो सुटला. मग तिने हातचं काही राखलं नाही. माइक बाजूला सारला, म्हणाली. साथीदारांना हाताने थांबवलं आणि नुसत्या गळ्याने गायली. आवाज थकला होता हो, पण शेवटच्या ओळीला वर गेला आणि तिथेच राहिला. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचेना. दारावरच्या बाईंनी टॉर्च विझवला आणि डोळे पुसले... तो ऐकत राहिला. त्याच्या कपावर साय धरली. "बाबांना सांगतो," एवढंच म्हणून तो गेला, आणि कोपऱ्यावर वळून बराच वेळ उभा राहिला.

तिला वाटलं, सुटले. कसलं काय! पुढच्या महिन्यात त्याने विचारलं, "बाबा विचारतायत, गाण्याआधी ती काही बोलली का?" बोलली, ती म्हणाली, आणि तेही रचलं. त्याच्या पुढच्या महिन्यात, साडी कुठल्या रंगाची होती? तोही तिने ठोकून दिला. हा माणूस आपल्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि आपण त्याला थापा मारतोय, हे तिच्या मनातून जाईना.

बाराव्या कार्यक्रमाला तो बाहेर आला तो हातात कागद नाचवत. "मंडळाने फॉर्म दिलाय. वर्षातल्या बाराही कार्यक्रमांना क्रम द्यायचा. सगळ्यांच्या याद्या त्या दाराजवळच्या फलकावर लावणार, नावासकट! पास एक, म्हणून फॉर्म एक. मी पेन्सिलीने भरून ठेवलाय, बघा पटतंय का."

ती वाचायला लागली. तळाला ड्रमवाले.

"तळमजला," तो म्हणाला. "तुम्ही कानांत बोटं घालून बसला होतात म्हणे."

"उत्तरार्धभर! पण पियानो तिसरा? तुम्हीच तर म्हणालात, पूर्वार्ध कंटाळवाणा होता."

"पान उडालं ना तुमच्या अर्ध्यात."

"मग समूहगान दुसरं हवं. काय सुंदर पूर्वार्ध होता तो!"

"तुम्ही कुठे ऐकलात?"

"तुमच्याकडून," ती म्हणाली.

मग तिची नजर सगळ्यात वर गेली. पहिला क्रमांक: गायिका. तेवढं एकच नाव पेनाने लिहिलेलं होतं. पुढे 'कारण' असा रकाना होता आणि त्यात त्याच्या ठळक अक्षरात: 'उत्तरार्ध अप्रतिम.'

हे फलकावर लागणार. अख्खं सभागृह वाचणार आणि त्याला हसणार. मोडलेला कार्यक्रम पहिला! आणि मग त्याला कळणार, ते दुसऱ्याच कुणाकडून तरी. आत्ता सांगितलं तर पुढच्या वर्षी तो पायऱ्यांवर थांबेल की नाही कोण जाणे. पण नाही सांगितलं तर...

"हे खोडा," ती म्हणाली.

"का?"

"कारण... ती गायलीच नाही." तिने फॉर्म खाली केला. "घसा बसला तिचा. पडदा वर गेला आणि संपलं. माइक, साडी, सगळं मी रचलं. तुम्ही इतके दमलेले दिसत होता, आणि मला... मला नाही म्हणवलंच नाही हो. माफ करा."

पहिली घंटा झाली. त्याने कॉफीचा कप कठड्यावर ठेवला.

"माहितीये मला," तो म्हणाला.

"माहितीये? कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून. मंडळाचं दिलगिरीचं पत्र आलं घरी. पास माझ्या नावावर आहे ना!"

खरंच की! अकरा महिने अर्धा पास तिच्या हातात होता, तर तिला तो दोघांचाच वाटायला लागला होता. पत्र वगैरे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आणि तुम्ही ऐकत राहिलात? इतके महिने?" तिचे गाल तापले. "मी एवढं मीठमसाला लावून सांगतेय, आणि तुम्ही..."

"त्या दिवशी सवयीने 'पुढे काय झालं' विचारून गेलो, आणि पत्राचं सांगायलाच तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, गायली." तो खाली बघत बोलत होता. "घरी जाऊन बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. पत्र त्यांनीही वाचलं होतं बरं का. डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाले, 'चांगली गायली रे.' आणि त्या दिवशी ते उठून बसले, पोटभर जेवले. मग दर महिन्याला तेच मला पढवून पाठवायचे. आता हे विचार तिला, आता ते विचार. साडीचा रंग ऐकून दोन दिवस खुशीत होते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही.

"मला धीर पुष्कळांनी दिलाय," तो म्हणाला. "येतात, खांद्यावर थोपटतात, जातात. पण माझ्यासाठी अख्खं गाणं कुणी रचलं नव्हतं. म्हणून ते पहिलं. पेनाने लिहिलंय, खोडता येणार नाही." मग जरा घाबरून, "बाकीचे उत्तरार्ध खरे आहेत ना?"

"आईशप्पथ!"

"आणि... अजून एक सांगायचं होतं. वर्षभर सांगीन सांगीन म्हणतोय." त्याने नखातलं ग्रीस उगाचच खरवडलं. "महिन्याला वीस मिनिटं मला पुरत नाहीत."

वारा आला, हातातला फॉर्म फडफडला. तिने तो घडी करून त्याच्या खिशात ठेवला, आणि हात लगेच काढला नाही.

"मला पहिल्या महिन्यापासून पुरत नाहीत," ती म्हणाली.

दुसरी घंटा झाली. दारावरच्या बाई टॉर्च हलवत ओरडल्या, "अहो, दार लावायचंय! आत कोण जाणार? एकच जाईल हं!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने पुढे होऊन पास बाईंच्या हातात ठेवला. "आज कुणीच नाही, बाई."

बाईंनी पासाकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग या दोघांकडे. "मग मी बसते बाई तिथे," त्या म्हणाल्या. "वर्षभर दारातच उभी आहे." आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं.

घर वीस मिनिटांवर होतं. ती दोघं जेमतेम सातला पोचली. वाटेत, सभागृहाच्या कोपऱ्यावर तो सवयीने मागे वळला होता, ती शेजारीच होती, म्हणून आपलाच हसला होता. घराच्या पायऱ्या चढताना त्याने तिला पहिल्यांदा 'ये ना' म्हटलं, 'या ना' नाही. दोघांच्याही ते लक्षात आलं.

ताई पर्स घेऊन दारातच उभ्या होत्या. आत, खिडकीशेजारच्या पलंगावर म्हातारा माणूस उशांना टेकून बसला होता. दाढी केलेली, केस पाणी लावून चापून बसवलेले. कुणी येणार हे त्याला आधीच ठाऊक असल्यासारखं.

"आलीस का?" ते म्हणाले. "किती महिने झाले, नुसते निरोपच चाललेत. बस. हां, त्या स्टुलावर, मला नीट दिसलं पाहिजे. हं... तर पडदा वर गेला. मग?"

तिने लिफ्टवाल्याकडे पाहिलं. तो ओट्याशी कॉफी करत होता.

"या वेळी उगाच एखादं कडवं वाढवू नकोस हं," तो तिकडून म्हणाला.

"वाढव गं तू," म्हातारबाबा म्हणाले. "त्याच्याकडे नको लक्ष देऊस. घाई कुणाला आहे?"

तिने स्टूल पलंगाजवळ ओढलं, त्यांचा हात हातात घेतला, आणि पडदा वर गेला तिथपासून सांगायला लागली.