ऐकून घेणारी

महाराष्ट्रात आता कुणालाही कुणाविषयी काहीही लिहायला बंदी नाही. बंदी घालून पाहिली होती. मग न्यायालयाने सांगितलं की बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे नुसतं तोंड उघडण्याचं स्वातंत्र्य नव्हे. बोललेलं कुणाच्या तरी कानांवर पडलं पाहिजे. निकाल मोठा विद्वत्तापूर्ण होता. त्यानंतर ऑनलाइन शिवीगाळीने माणसं जीव द्यायला लागली, तेव्हा सरकारने शास्त्रज्ञांपुढे हात जोडले. सुंठीवाचून खोकला जाईल असं काहीतरी काढा म्हणाले.

शास्त्रज्ञांनी प्रतिश्रोता काढला. प्रतिश्रोता म्हणजे तुमच्या मनाची यंत्रात घेतलेली प्रत. सकाळभर डोक्यावर एक टोप घालून बसायचं. आठवणी, लाज, भीती, जे जे दुखतं ते सगळं उतरवून घेतलं जातं. त्यानंतर तुमच्याविषयी कुणी काहीही लिहिलं की ते आधी एका गाळणीतून जातं. गाळणी म्हणजे बरंवाईट ओळखणारा संगणकाचा प्रोग्रॅम. बरं असेल ते तुमच्या फोनवर येतं. विषारी असेल ते प्रतीकडे जातं. ती वाचते, रडते, उत्तरही देते, आणि लिहिणारा खूश होतो. कुणाची प्रत केली आहे हे गुप्त असतं. स्वातंत्र्य शाबूत, नागरिक शाबूत. आपल्याकडे इतकी सोयीची गोष्ट क्वचितच होते.

वैजयंता लाडला ही सोय देवासारखी भेटली होती. ती तासगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आणि कबड्डीची पंच. राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या चढाईत, लोकांच्या लाडक्या चढाईपटूचा पाय रेषेबाहेर पडला. तिने शिट्टी मारली आणि तो बाद झाला. पाय बाहेरच होता. पण त्या रात्रीपासून तिच्या जातीवर, अंगावर, नवरा गेल्यावरही ती कुंकू लावते त्यावर लोकांनी जे लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही. मग त्यांना तिच्या अकरा वर्षांच्या मुलीचा, गौरीचा, फोटो सापडला. गौरीने जेवण टाकलं तेव्हा वैजयंता टोप घालून बसली.

त्याला चार वर्षं झाली. गौरी आता पंधराची. पोटभर जेवते, स्वतः कबड्डी खेळते, आईला उलटून बोलते. घर पुन्हा घरासारखं झालं होतं.

चार वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी वैजयंता पुण्याच्या संस्थेत आली होती, आणि नव्या नियमाप्रमाणे अंगठा टेकवण्याआधी तिला आपली प्रत एकदा डोळ्यांनी बघणं भाग होतं. संस्थेच्या डॉ. मृदुला केळुसकर यांनी पडदा लावला.

पडद्यावर तिचंच स्वयंपाकघर होतं. ओट्याला टेकून ती स्वतःच उभी होती, हातात फोन. केस विंचरलेले नव्हते.

"हिला खरंच दुखतंय काय ओ?" वैजयंताने विचारलं.

"तुम्हाला दुखलं असतं तेवढंच," डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवातीला आम्ही नुसती रडण्याची नक्कल करणारी यंत्रं केली होती. लोक आठ दिवसांत ओळखायचे. खोटं रडू कळतं हो माणसाला. मग ते खरं दार शोधत घरी यायचे. म्हणून मन खरं घ्यावं लागतं."

"चार वर्षं झाली, अजून रडतीया?"

"तिच्या लेखी सामना गेल्याच आठवड्यात झालाय. रोजच."

तेवढ्यात पडद्यावर ओट्याखालून एक मुलगी सरकत बाहेर आली. दोन वेण्या, शाळेचा फ्रॉक, गुडघे छातीशी घेतलेले. वैजयंता खुर्चीतून उठलीच.

"ही कोण?"

"गौरी. तुमच्या आठवणीतून तयार केलेली," डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तुमचं निम्मं दुखणं तिच्यासाठीच होतं. ती नसेल तर लिहिणाऱ्यांचं समाधान मोजतो तो आकडा भरत नाही."

"हिलापण दुखतं?"

"ते टाळता आलं नाही."

"अन् अजून अकराचीच?"

"वाढवायची मंजुरी मिळाली नाही."

वैजयंताला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण डॉक्टर काही वाईट बाई नव्हत्या. रोज हेच बघणाऱ्या होत्या, इतकंच.

"बंद करा हे."

"करते. लगेच होईल. मग सगळं तुमच्या फोनवर येईल, आणि तुमच्या मुलीच्याही. अजून रोज येतंय, मॅडम. लोक विसरलेले नाहीत."

वैजयंताने पडद्याकडे पाठ केली. मग तिने अंगठा टेकवला. कुठल्याही आईने टेकवला असता, आणि म्हणूनच ही योजना चालते.

"तिला एक निरोप देता येईल? एवढंच, की पाय बाहेरच होता."

"तिच्याकडे जायला दुसरं दार नाही. लोक लिहितात तेच तिच्यापर्यंत पोचतं. आणि त्यातलंही फक्त वाईट."

दुसऱ्या दिवशी दुपारी गौरी सरावाला गेल्यावर वैजयंताने एक खोटं नाव घेऊन खातं उघडलं आणि लिहिलं, 'ताई, तुमचा निर्णय बरोबर होता. धीर धरा.' पाठवताक्षणी तिच्याच फोनवर संदेश वाजला. ताई, तुमचा निर्णय बरोबर होता.

तिने पुन्हा लिहिलं, आरंभी एक शिवी घालून. तोही परत आला. तिने दोन शिव्या घातल्या. गाळणी फसेना. मग ती इरेला पेटली. त्या प्रतीला काय जिव्हारी लागतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने कुंकवावरून लिहिलं, मेलेल्या नवऱ्यावरून लिहिलं. लिहिताना हुंदके येत होते आणि बोटं थांबत नव्हती. या घाणीच्या मधोमध तिने एक ओळ ठेवली: 'पाय बाहेरच होता, सटवे, भिंगरीला जवळ घे आणि झोप.' भिंगरी हे गौरीचं घरातलं नाव. मायलेकींशिवाय ते कुणालाच माहीत नव्हतं. निदान त्या नावावरून तरी तिला कळेल की हे कुणीतरी आपल्यातलं आहे.

या वेळी फोन वाजला नाही. निरोप पोचला होता.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'माझ्या मुलीचं हे नाव तुम्हाला कसं कळलं? तुम्ही आमच्या घरात येऊन गेलात का? मी पाया पडते. मी चुकले. पाय आतच होता. तिला काही करू नका.'

उत्तराखाली तिथले बाकीचे शिव्या देणारे जमा व्हायला लागले होते. एकाने लिहिलं, भिंगरी. दुसऱ्याने लिहिलं, भिंगरी कुठंय? मग ते नाव इतक्या वेगाने वर सरकायला लागलं की वैजयंताला वाचता येईना. तिने आपला मजकूर पुसायचा प्रयत्न केला. पुसता येईना, बोललेलं काढून घेणं हा बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला ठरतो.

संध्याकाळी डॉ. केळुसकरांचा फोन आला. आवाजात खरा आनंद होता.

"अभिनंदन, मॅडम. तुमच्या प्रतीचा आकडा आज दुपटीवर गेला. कुणीतरी नवीन माणूस आलाय, फार आतलं लिहितोय. असंच राहिलं तर तुम्हाला पुन्हा नूतनीकरणाला यायची गरजच नाही. कायमची सुटलात तुम्ही."

वैजयंता म्हणाली, "बरं."

मग तिने गौरीला जेवायला हाक मारली. गौरी ताटावर बसली आणि आईकडे बघून म्हणाली, "आज 'गौरी' म्हणून हाक? रागावलीस का माझ्यावर?"